खुबूसवरचे काळे ठसे

परवा इथे अमिरातीत, खोर फक्कानच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या जाळ्याचं शिसं सहज हातात घेतलं, बोटांना शिशाचा तो ओळखीचा वास लागला आणि मी ते वाळूत टाकून दिलं. मी पूर्वी अबुधाबीजवळच्या एका शूटिंग क्लबात परचेस बघायचो. मॅग्नम रिव्हॉल्वरच्या सरावाची काडतुसं आम्ही तिथेच भरून घ्यायचो. त्यांतली गोळी तांब्याचा मुलामा दिलेली घ्यायची की उघड्या शिशाची, हे मी ठरवायचो. शिशाची स्वस्त, म्हणून तीच मागवली. काडतुसं भरणारे केरळचे चाचा दिवसभर त्या गोळ्या हाताळायचे आणि त्याच काळ्या बोटांनी खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, तोडून खायचे. एकदा म्हणाले, "साब, आजकल रोटी भी लोहे जैसी लगती है." मी हसलो, "होटल बदलो, चाचा. खलास!" हे शिसं अंगात भिनतं, हातमोजे द्या, असं सप्लायरच्या कागदावर मी वाचलं होतं. तो कागद मी फाईलमध्ये तळाशी सरकवला, कारण तो दाखवला असता तर मुलाम्याच्या महाग गोळ्या मागवाव्या लागल्या असत्या आणि स्वस्तात भागवल्याबद्दलची मालकाची शाबासकी गेली असती. वर्षभरात चाचांच्या हातातला चहा सांडायला लागला आणि क्लबाने त्यांना गावी पाठवलं. विमानतळावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. गाडीत बसताच मी तो हात टिश्यूने घासघासून पुसला. कागदाचं आज पहिल्यांदा सांगतोय, पण स्वतःची खरी किळस येते ती त्या पुसण्याची.