लिंबाला टांगलेली छागल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही.

बीडच्या बाजारात माझं छागलींचं दुकान होतं. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची चामड्याची पिशवी. निजामाच्या अमलात आमच्या गावच्या छागलीला लांबून मागणी यायची. शिवून झाली की आम्ही ती पाणी भरून तीन दिवस दारातल्या लिंबाला टांगायचो. थेंब गळला नाही, तरच गिऱ्हाइकाच्या हाती. मी वायदा कधी मोडला नव्हता, आणि त्याची मला घमेंड होती. गिऱ्हाईक जपत होतो, की ती घमेंड?

रखमा बाजारात बांगड्या विकायची. वैशाखात म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन ती धारूरच्या घाटानं निघणार होती. त्याला लेकीला भेटायचं होतं. तिची छागल तीन दिवस टांगून तयार होती. आदल्या सकाळी तहसिलीतले पेशकार आले आणि हीच पाहिजे म्हणाले. मी दिली. नाही म्हणायला काय झालं होतं? मारणार होते? छे — नुसते नाराज झाले असते.

रखमाला ‘तीन दिवस थांब’ एवढंच सांगायचं होतं. पण मग वायदा मोडला असता ना! मी घाईनं दुसरी छागल शिवली, शिवणीत मेण आणि चरबी चोळली आणि त्याच फांदीला टांगली. सकाळी रखमा आली. थेंब गळत नव्हता.

"तीन दिस टांगली व्हती न्हवं, दादा?"

मी हो म्हणालो.

घाटातल्या उन्हात मेण वितळलं. वाटेवरचे झरे आटलेले होते. म्हातारा घाटातच गेला — पाणी पाणी करत.

सुतक फिटल्यावर ती छागल घेऊन दुकानात आली. आता शिव्या देईल, असं वाटलं. खरं सांगू, मला बरंही वाटलं. पण ती रडत म्हणाली, "दादा, तोंडाची दोरी माज्याच हातनं सैल राह्यली. मीच मारलं मामंजीला." शिवणीवर चरबीचा ओघळ वाळला होता. तिला तो दिसला नाही. मला दिसला.

तेव्हा तरी बोलायचं! मी छागल हातात घेतली, तोंड तपासल्यासारखं केलं आणि म्हणालो, "व्हय बाई. दोरी दोनदा आवळाया पायजे व्हती."

त्यानंतर कितीतरी वर्षं ती माझ्या दुकानासमोर बसली. संध्याकाळी बांगड्यांचं गाठोडं बांधायची, सोडायची आणि पुन्हा बांधायची. म्हातारपणी बोटांत जोर उरला नाही, तेव्हा दुसरी गाठ दातांनी आवळायची. मी समोर बसून बघत असायचो.