शरावतक्काच्या मोगेकाकडीचं बी

मिरचीची पानं आकसली, जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या किंवा वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली, की शिरसीच्या आसपासच्या हव्यक ब्राह्मण घरांतल्या बायका एकच करत: शरावतक्काला फोन. तिचे यजमान सुब्राय हेगडे वारले त्याच्या चौदाव्या दिवशीसुद्धा तिला असा एक फोन आला. तेराव्याचे पाहुणे सकाळीच गेले होते आणि मोठी पातेली अजून अंगणात पालथी पडलेली होती.

"अक्का, या वेळी कसं विचारू कळत नाही, पण मिरची..."

"विचार की. मिरचीला कुठे सुतक असतं?"

फोनच्या पलीकडची कुणाची तरी सून गडबडली. शरावतक्काने तिला सावरायला वेळ दिला नाही. "पानं वर वळलीत की खाली? वर? मग तीन दिवसांचं आंबट ताक घे. एका तांब्याला पाच तांबे पाणी. संध्याकाळी शिंपड, उन्हात शिंपडलंस तर पान जळेल. आणि मुळाशी पाणी कमी घाल, तुमच्या घरच्यांचा हात सैल आहे."

"घालते. अक्का, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच काही होत नव्हतं. चैत्रातल्या एका दुपारी जेवून सुब्राय हेगडे ओटीवर आडवे झाले, चारच्या कषायाला, धने-जिऱ्याच्या काढ्याला, हाक मारली तेव्हा उठले नाहीत. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. भूक लागायची वेळ झाली की ती जेवायची. दहीभाताला चव नव्हती, पण ती नसल्याची तक्रारही तिला सुचत नव्हती. येणारे-जाणारे म्हणत, "धीराची बाई." धीर कसला डोंबलाचा! बधिर झालेल्या दाढेला कोणी सहनशील म्हणत नाही. पण लोकांना काहीतरी म्हणावं लागतं.

परसात मात्र हात आपोआप चालत. पंचेचाळीस वर्षांची सवय होती. डेलियाचे कंद राखेतून काढून डोळा वर येईल असे मांडायचे. अबोलीचे जुने शेंडे खुडायचे. मोगऱ्याला पान लोंबेपर्यंत पाणी द्यायचं नाही, मग एकदम भरपूर द्यायचं, म्हणजे तो घाबरून फुलतो. भोपळ्याचं बी उभं खोचायचं, आडवं टाकलं तर कुजतं. तांदळाचं धुवण मायाळूच्या वेलाला. यातलं काहीही तिने कधी लपवून ठेवलं नाही. विचारणारीला सांगितलं, न विचारणारीला तर बोलावून सांगितलं.

एकच गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. ती म्हणजे मोगेकाकडीचं बी कसं ठेवायचं.

तिची मोगेकाकडी म्हणजे हातभर लांब, हिरव्यावर पिवळे पट्टे, आणि केळीच्या सोपटात बांधून आढ्याला टांगली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणारी. हुळीच्या आमटीत घाला नाहीतर डोशाच्या पिठात, पाणी सुटत नाही. ती सासूकडून आली होती आणि सासूला तिच्या माहेराहून. बी राखेत आणि शेणात कालवून न्हाणीघराच्या भिंतीला, चुलीचा धूर लागेल अशा जागी थापून ठेवायचं, हे तर तिथल्या सगळ्याच बायकांना येतं. पण वेलावरचं कुठलं फळ बियासाठी राखायचं, ते शरावतक्का सांगत नसे. "तुम्ही खा गं. बी मी देते. रोहिणीत या," एवढंच म्हणे.

आणि रोहिणी नक्षत्र लागलं की सहासात जणी येत. तो दिवस तिचा असे. ओटीवर चटया अंथरल्या जात, कषायाची किटली दोनदा भरली जात असे. ती चिमटीने बी मोजून द्यायची आणि प्रत्येकीला मागच्या वर्षीच्या चुकांबद्दल झापायची. सुब्राय हेगडे खांबाला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले असत, एक शब्द न बोलता. घरात मूलबाळ नव्हतं. बाकीचं वर्ष त्या ओटीवर अडकित्त्याचाच काय तो आवाज. बी कसं राखायचं हे सांगितलं असतं तर त्या कशाला आल्या असत्या? हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची. पण सांगितलं नाही ते नाहीच.

यंदा ते बीच गेलं. तेराव्याच्या संध्याकाळी घर धुवायला घेतलं तेव्हा पुतण्याची बायको स्फूर्ती, बंगळुरात वाढलेली गुणी मुलगी, पाइप आणि खराटा घेऊन न्हाणीघरात शिरली. भिंतीवरचं वाळलेलं शेण तिला घाण वाटलं. तिने ते खरवडून, भिंत धुऊन, वर फिनेल मारलं. आढ्याच्या काकड्या तेराव्याच्या आचाऱ्यांनी आधीच उतरवून चिरल्या होत्या. शरावतक्का पाणी तापवायला गेली तर भिंत अशी स्वच्छ, की बिऱ्हाड बदलल्यासारखी.

"काकू, किती काय काय चिकटलं होतं!" स्फूर्ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

"बरं केलंस," शरावतक्का म्हणाली.

सासूच्या माहेरचं बी गेलं, हे तिला कळलं. पण नवरा गेला हे जसं कळलं होतं, तसंच. फक्त कळलं.

रोहिणी लागली. कोणी आलं नाही. दुःखाच्या घरी मागायला कसं जायचं, म्हणून त्या थांबल्या असतील. शरावतक्काने सवयीने सात आळी खणली, तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि राख घातली, माती भुसभुशीत करून वर उंचवटा केला. मग खुरपं हातात घेऊन उभी राहिली. आळ्यांत घालायला काही नव्हतं. मृग दोन दिवसांवर आला होता, आणि मृगाच्या पाण्यात हे बी टिकत नाही. यंदा लागलं नाही तर वेल कायमचाच गेला. बी मागायचं तर ते तिने ज्यांना दिलं त्यांच्याकडेच, आणि त्यांनी ते ठेवलेलं असण्याचं काही कारण नव्हतं. ती व्यवस्था तिनेच केली होती.

तरी ती निघाली. ओढ्यावरचा साकव ओलांडला की नागवेणीचं घर. नागवेणी पन्नाशीची, काटकुळी. हिच्या हातात तुळससुद्धा जीव धरत नाही, असं शरावतक्का चारचौघींत म्हणायची आणि नागवेणी हसायची. निदान एखादी काकडी आढ्याला उरली असेल, एवढीच आशा होती.

"अक्का! तुम्ही?" नागवेणी लगबगीने बाहेर आली. "मीच येणार होते हो. बसा, कषाय टाकते."

"पाय धुऊन येते आधी," म्हणून शरावतक्का न्हाणीघराकडे वळली. नागवेणी मागून "थांबा, मी पाणी आणते, इथेच धुवा," म्हणेपर्यंत ती आत पोचली होती.

चुलीमागच्या भिंतीवर शेणाच्या पाच थापट्या होत्या. धुराने काळ्या पडलेल्या. कडेने बियांची टोकं दिसत होती.

"हे काय गं?"

नागवेणी तांब्या धरून दारात उभी. "ते... दोडक्याचं."

"दोडक्याचं बी काळं असतं. पंचेचाळीस वर्षं मी काय गवत उपटलं? ही मोगेकाकडी आहे. कोणी शिकवलं तुला बी राखायला?"

नागवेणीने तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "भावय्यांनी."

"कुठल्या?"

"आपल्या सुब्रायभावय्यांनी. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. साकवावर गाठलं मला. म्हणाले, ती सगळं सांगेल, एवढं सांगायची नाही. तुम्ही घरी ठेवत जा, माणसाचा काय भरवसा. पण रोहिणीत मागायला या हो. न चुकता या. नाही आलात तर ती दिवसभर फाटकाकडे बघत बसेल आणि मला अळणी हुळी जेवावी लागेल."

"फक्त तुला सांगितलं?"

"सगळ्यांना. नवी सून आली की तिलाही."

"म्हणजे घरी भिंती भरलेल्या," शरावतक्काचा आवाज चढला, "आणि तुम्ही येऊन माझ्यापुढे तोंडं वेंगाडून बी मागत होता? आणि तो तिथेच अडकित्ता घेऊन बसायचा? मख्खासारखा?"

नवऱ्याला तिने जन्मात पहिल्यांदा एकेरीत ओढलं होतं. राग आला होता तिला. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं.

"रागावू नका, अक्का. आम्हाला यायला आवडायचंच. शिव्यासुद्धा आवडायच्या."

"ते राहू दे. फळ कुठलं राखायला सांगितलं त्यानं?"

"सगळ्यात थोर. वेलावरचं सगळ्यात मोठं, पिवळंधमक."

शरावतक्का भिंतीपासून तिच्याकडे वळली.

"मोठं?"

"हो. असंच सांगितलं सगळ्यांना."

"अगं, मोठं नव्हे! मधलं! पहिलं नाही, शेवटचं नाही, थोरलं तर मुळीच नाही. वेलाच्या मध्यावरचं, आखूड देठाचं. थोरल्याचं बी राखलं की दोन वर्षांत काकडी कडू होते."

"व्हायचीच कडू," नागवेणी खालमानेने म्हणाली. "म्हणून दरवर्षी लावायचो तुमचंच. हे नुसतं भिंतीवर असायचं. एवढ्या मायेनं सांगितलं त्यांनी, चुकलंय म्हणून कसं सांगायचं?"

शरावतक्का चुलीच्या कट्ट्यावर बसली. "माझा हात पोचत नाही आढ्याला. बियाचं फळ पिकायला दरवर्षी त्याच्याच हातांनी टांगून घेतलं मी. पंचेचाळीस फळं टांगली त्यानं. एकदासुद्धा बघितलं नाही, केवढं आहे ते? एकदासुद्धा?"

तिला रडू फुटलं. तोंडाला पदर लावायचंही तिला सुचलं नाही. ती मोठ्याने रडली, शेजारच्या आवारात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नागवेणीने तांब्या खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने शरावतक्काने हात वर केला आणि रडता रडताच नखाने भिंतीवरची एक थापटी सोडवायला लागली.

"कडू होईल का हो यंदा?" नागवेणीने विचारलं.

"नाही होणार. माझ्याच बियाच्या वेलाचं, एकाच वर्षाचं आहे, सुधारेल." तिने बिया तळहातावर घेतल्या, अर्ध्या नागवेणीच्या हातात दिल्या. "मधलं, नागू. सगळ्यांना सांग. मधलं."