क्रूझवरून परतलेल्या पप्पांचा फोन

मंडळी, पप्पांचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून लिहितोय.

आम्ही निफाडचे द्राक्षवाले. बागेसाठी दिवसातून दहा वेळा हवामान बघतो. पण आई-पप्पांना क्रूझवर पाठवताना समुद्राचं हवामान बघायचं मला सुचलंच नाही!

सकाळी बातमी आली, अरबी समुद्रात चक्रीवादळ. दोघांचेही फोन लागेनात. बायको देवापाशी बसली, मी गच्चीवर नुसत्या फेऱ्या मारत होतो.

चार वाजता पप्पांचा फोन आला. "जहाज मुंबईला परत आलं. लय हाललं, पण आम्ही बरे हाय."

मला रडूच फुटलं.

"रडतो काय? वादळाचा पाऊस तिकडं येईल. बागेला औषध मारलं का?"

हा ओरडा ऐकला आणि खरा जीव भांड्यात पडला.

औषध मारलेलं नाही. फवारणीला ट्रॅक्टर काढतोय. तुमच्याकडं आभाळ कसं आहे?