शर्यतीचा मधला रस्ता

टीव्हीवर सायकलच्या शर्यती कशा दाखवाव्यात, हे भिलाईत टीव्ही पोचायच्या कितीतरी आधी ठरवून मोकळा झालेला माणूस जगात एकच: माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे साडभाऊ. कारखान्याच्या भट्ट्या अजून उभ्या राहत होत्या, सेक्टर दोनच्या क्वार्टरांचा चुना ओला होता, आणि साडभाऊ दिवसभर क्रेनवर बसून, एवढं सगळं आपल्या एकट्यालाच दिसतं म्हणून हळहळत असत. दिसलेलं सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. घरी ताई, म्हणजे त्यांची बायको, भजी तळू लागल्या की हे दारातून शेजाऱ्यांना कळवत, "पहिला घाना उतरला! दोन भजे करपले, पन बाई हिंमत हारून नाई राहिली!" ताई झारा घेऊन बाहेर आल्या की तेही सांगत, फक्त पळता पळता.

सायकल शर्यतीवर त्यांचा जुना राग. मैदानातून सुटलेले गडी चरोद्याला वळसा घालून परत येईपर्यंत लोकांनी नुसते फुटाणे खायचे. "लोक सुरुवातीले पाठ पाहतात अन् शेवटी तोंड. मंधातली शर्यत काय गिधाडाइले दाखवाची?" वर्षभर मागे लागून त्यांनी शर्यतीच्या चिटणिसांकडून माइक मिळवला, आणि बांधकामावरचा फोन चरोद्यापासून मैदानापर्यंत जोडून घेतला. अट एकच: एक चूक झाली की माइक कायमचा बंद. चरोद्याच्या टोकाला फोनवर भरवशाचा माणूस हवा होता. त्यांनी मला बसवलं. माणसांची पारख त्यांना कधीच नव्हती.

तर मी पाहतो, एक निळा शर्टवाला, मान खाली, सगळ्यांच्या पुढे, एकटाच सुसाट. पाठीवर नंबर नव्हता, पण तो वाऱ्यानं उडाला असेल, असं मीच त्याच्या वतीनं ठरवलं. फोनमध्ये ओरडलो, "निळा शर्ट! मांगं कोनीच नाई!" तिकडे साडभाऊंनी त्या निळ्या शर्टाला माइकवर असा काही पळवला की मैदानात बायाबापड्यासुद्धा उभ्या राहिल्या. आणि तो खरोखर पहिला आला! खऱ्या गड्यांना नुसतं बक्षीस गाठायचं होतं, याला मैदानापलीकडच्या कारखान्याची दुसरी पाळी. चिटणिसांनी गळ्यात हार घातला, तेव्हा त्यांना हँडलला लटकलेला जेवणाचा डबा दिसला.

"सोडा ना जी मले," तो रडकुंडीला आला, "ड्यूटीले टाइम होऊन राहिला!"

चिटणीस भडकले. "फोनवर कोण होतं?"

"फोन बरोबर होता," साडभाऊ म्हणाले. "मीच बोलता बोलता वाहवलो."

माइक गेला. हे सगळं मला ताईंनी सांगितलं. साडभाऊ स्वतः मला एवढंच म्हणाले, "शर्ट तं निळाच होता, लेका. रंगात तू चुकला नाईस."

पुढच्या वर्षी माइकवर दुसरेच गृहस्थ होते. "शर्यत सुरू झाली आहे," असं जाहीर करून ते चहाला बसले. साडभाऊ माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. इतका वेळ गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माइक नाई तं नाई," मी म्हटलं, "मले एकट्याले सांगा ना जी. गप कावून बसले?"

ते रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. "काय सांगू? तिकडं तू नाईस ना."

मी तेव्हाच उठून चरोद्याकडे सायकल काढायला हवी होती. ते मला सुचलं, तोवर गडी परत येताना दिसू लागले होते, आणि साडभाऊ इतरांसारख्याच टाळ्या वाजवत होते.