विमानात मिळालेलं तीर्थ

त्या उन्हाळ्यात मी माझ्याच पोटाला भ्यालो होतो. जनावराला मी कधी भ्यालो नाही. नाकाडोंगरीला आमच्या धानाच्या बांध्या संपल्या की जंगल लागतं, तिथं जन्म गेला. पण त्या वेळी घोटभर पाणी प्यायचं म्हटलं तरी छातीत धडधड व्हायची. काहून, ते आधी सांगतो. मी चौथी शिकून नांगराला लागलो, म्हणून लिहिण्यात इकडचं तिकडं होईल. सांगण्यात मात्र पदरचं काही घालणार नाही.

माझी मुलगी सुमन लग्न होऊन मुंबईला गेली. तिथं तिच्या दोन्ही किडन्या खराब झाल्या. अंग सुजलं, अन्न जाईना. डॉक्टरांनी तिचं पाणीही बंद केलं. दिवसाला एक वाटी, बस. रक्ताच्या माणसाची किडनी जुळली तर पोरगी वाचेल म्हणाले. सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि माझी जुळली. मला केवढा अभिमान वाटला! या वयात माझ्या अंगातलं काही पोरीच्या कामी येतं म्हणून मी गावभर सांगत फिरलो.

पण ऑपरेशनसाठी गेलो तो रेल्वेनं. भर उन्हाळा, डब्यात घामाचा वास, बसायला जागा नाही. वाटेत स्टेशनावर भजी खाल्ली, नळाचं पाणी प्यालो. मुंबईत उतरलो तो हगवण घेऊनच. वरून ताप. डॉक्टर म्हणाले, अशा अंगावर सुरी चालवता येत नाही, ऑपरेशन पुढे ढकला. सुमन खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "जाऊ द्या बाबा, पुढच्या बारीले होईल." पुढची बारी तिला मिळते की नाही, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मी गावी परत आलो तो हात हलवत.

पोट सुधारल्यावर मुंबईहून बोलावणं आलं. या वेळी जावयानं विमानाचं तिकीटच पाठवलं. रेल्वेतली घाण नको, दगदग नको, मामांना तब्येतीनं धडधाकट आणायचं, असा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. पण मी माझ्या डोक्यानं त्यावर कडी केली. निघायच्या सकाळी मी बोडीवरच्या मारुतीपुढे उभा राहिलो. बोडी म्हणजे आमच्या शेताजवळचा लहान तलाव. म्हटलं, देवा, पोरीला पाणी मिळत नाही, तर मलाही नको. तिचं तोंड बघेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यात भक्ती होती तशी भीतीही होती. पोटात काही गेलंच नाही तर पोट बिघडेल कसं?

सुमनच्या मायनं पाणी उकळून बाटलीत भरलं होतं, दशम्या बांधल्या होत्या. मी हातही लावला नाही.

"काहून ठेवून राहिले? घरचंच तर आहे," ती म्हणाली.

"नवस बोललो मारुतीले. थेंब नाही घेत."

"उन्हाचा पारा पाहा जरा. पोरीले किडनी द्याले जाऊन राहिले का जीव द्याले?"

"मले शिकवू नको."

"तुमाले कोण शिकवंल! मास्तर थकले, मी कोण?" असं म्हणून तिनं पिशवी आपटली आणि पदर डोळ्यांना लावला. तरी मी वळून पाहिलं नाही. माझा स्वभावच तसा.

तुमसरहून नागपूरला एसटीनं गेलो. गरम वाऱ्यानं तोंड भाजत होतं. विमानतळावर गेलो तर विमानालाच उशीर. लोक चहा पीत होते, पाण्याच्या बाटल्या उघडत होते. मी हात जोडून बसलो. जीभ टाळूला चिकटायला लागली. जावयानं घेऊन दिलेले नवे बूट पायांना चावत होते, पण एवढ्या साहेबलोकांत बूट काढायचे कसे, म्हणून तसाच बसलो. लघवीला जाऊन आलो तर रंग पाहून दचकलो, सरकीच्या तेलासारखा. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आपण काही चुकत तर नाही ना. पण बोललेला शब्द देवापुढे मागे कसा घ्यायचा?

विमान उडालं तसं कानात कोणी बोळे कोंबावेत तसं झालं. मी खुर्चीचे दांडे धरून मारुतीचं नाव घेत होतो. एकदा ते विमान असं खाली बसलं की बैल चालता चालता गुडघ्यावर यावा. पोटातून वर काही आलं, पण पोटात होतं काय? डोळ्यांपुढे काळं पिवळं नाचलं. विमानातल्या मुलीनं ताटात गोळ्या आणि पाणी आणलं, मी मान हलवली. त्यात लघवीला जोराची लागली, आग होऊन राहिली होती. तरी मी उठेना. रेल्वेत संडासातून खाली रूळ दिसतात, हे मी पाहिलं होतं. विमानाचंही तसंच असणार. खाली कोणाचं देऊळ असेल, कोणाची विहीर असेल, नदीवर कोणी आंघोळ करत असेल. देवाकडे पोरीचा जीव मागायचा आणि देवाच्याच माथ्यावर असलं काही करायचं? मी दात दाबून बसलो. पण आत एकच भीती होती. जी किडनी पोरीला द्यायची, तीच मी या हट्टापायी जाळत तर नाही? रेल्वेत खाऊन मी तिची एक बारी घालवली होती. आता न खाऊन दुसरी घालवतो काय?

शेजारी एक म्हातारी बाई बसल्या होत्या. माझ्याहून मोठ्या, पांढरं पातळ, मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेला पितळी गडवा. त्या बऱ्याच वेळ माझ्याकडे पाहत असाव्यात.

"भाऊ, होठ पार फाटले तुमचे. पाणी काहून नाही घेतलं?"

मला बोलायची इच्छा नव्हती, पण जीव घाबरला होता. मी मोडक्या शब्दांत सगळं सांगून टाकलं. पोरगी, किडनी, मारुती, नवस. त्यांनी मांडीवरच्या गडव्याचं फडकं सोडलं.

"तीर्थ चालते ना तुमाले? तीर्थानं उपास मोडत नाही."

"कुठलं तीर्थ?"

"रामटेकचं. रामाच्या पायाचं."

माझ्या अंगावर काटा आला. नवस मारुतीचा, आणि समोर आलं ते त्याच्या मालकाच्या पायाचं पाणी. याला मारुती नाही कसा म्हणेल? मी उजव्या हाताचा पसा केला. तरी एक क्षण भीती आडवी आली. कोणत्या भांड्यातलं, कधीचं पाणी असेल, पोट पुन्हा बिघडलं तर? मग माझं मलाच हसू आलं. मी मनात म्हटलं, देवा, माझी अक्कल मी दोन्ही बाजूंनी चालवून पाहिली. आता बाधलं तर तुझं, तारलं तर तुझं. आणि हात पुढे केला.

त्यांनी थोडं थोडं करून ओतलं. मी प्यालो, हात डोक्यावरून फिरवला, पुन्हा हात पुढे केला. घाईनं पिऊ नका म्हणाल्या, घोट तोंडात फिरवा, कान मोकळे होतील. खरंच कान खाडकन उघडले. मग म्हणाल्या, बूट काढा, पाय सुजले तुमचे, इथं कोणी पाहायला बसलं नाही. मी बूट काढले. गडवा संपत आला तेव्हा मला एकदम भान आलं.

"माय, हे तुमी कोणासाठी नेऊन राहिले होते?"

"पोराच्या नव्या घराच्या वास्तूले."

"मग आता तिथं काय शिंपडाल?"

"भिंतीले तहान लागत नाही भाऊ," असं म्हणून त्यांनी उरलेलंही माझ्या हातावर रिकामं केलं.

थोड्या वेळानं मी नुसताच चुळबूळ करू लागलो. त्या म्हणाल्या, "मागं जागा आहे, जाऊन या." मी खाली देवळं असतील म्हणालो तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "अहो, काही खाली पडत नाही. टाकीत जमा होते सारं. आमचं घर विमानतळाजवळ आहे, खाली पडत असतं तर आमच्या गच्चीवर वाळवणं घालायची सोय राहिली असती का?" मी उठलो, जाऊन आलो. साबणानं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. आरशात पाहिलं तर माणसासारखा माणूस दिसत होतो.

मुंबईत उतरताना गर्दीत त्या पुढे गेल्या. मी बूट घालेपर्यंत दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहिलं. मी बाहेर सगळीकडे पाहिलं, पांढरं पातळ कुठंच नाही. त्या कोण होत्या, यावर लोक माझ्याशी वाद घालतात. मी घालत नाही. नागपूरची एखादी म्हातारी असेल, मुलाच्या घरी जात असेल. तिला त्या खुर्चीवर, तो गडवा देऊन कोणी बसवलं, एवढंच मी माझ्यापुरतं जाणतो.

थेट दवाखान्यात गेलो. सुमनचं तोंड पाहिलं, नवस फिटला, आणि तिथंच पोटभर पाणी प्यालो. तिच्यासमोर पिताना लाज वाटली, तर तीच म्हणाली, "प्या बाबा, तुमी पेले म्हणजे मीच पेली." माझ्या तपासण्या झाल्या. निकाल येईपर्यंत मी बाकावर बसून होतो, आणि तेवढा भ्यालेला मी विमानातही नव्हतो. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, अंगात पाणी थोडं कमी वाटतं, भरपूर पीत राहा, बाकी सगळं ठीक आहे.

ऑपरेशन झालं. मला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग होती आणि तोंडात रामटेकच्या पाण्याची चव. काही दिवसांनी मला चाकाच्या खुर्चीवर तिच्या दाराशी नेलं. आत जायची मनाई होती, काचेतून पाहायचं. नर्सबाईनं तिच्या हातात पाण्याचा मोठा पेला दिला. वाटी नाही, पेला. तिनं आधी नर्सकडे पाहिलं, सगळं पिऊ का म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं.

मी काचेच्या अलीकडे, नकळत, उजव्या हाताचा पसा करून बसलो होतो. देवापुढे मी जन्मभर मूठ आवळून उभा राहिलो, माझा शब्द, माझा नवस, माझा हट्ट म्हणून. मुठीत पाणी राहत नाही, हे मला आभाळात नेऊन शिकवावं लागलं. सुमननं पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच.