डब्यावरचं खोडलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. यात सांगण्यासारखं काही नाहीच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो — एक पत्र छोटं केलं, इतकंच. पुण्यातल्या एका दैनिकात मी अकरा वर्षं उपसंपादक होतो. पत्रं छोटी करणं हेच माझं काम होतं.

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही २०११ साली न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला आलो. तिथल्या जॉन्सनव्हिल उपनगरात राहू लागलो आणि मी मराठी मंडळींसाठी एक लहानसं वार्तापत्र काढू लागलो. त्याच सुमारास सांस्कृतिक इतिहासाच्या एक अभ्यासक भांड्यांवर घातलेल्या नावांविषयी पुस्तक लिहीत होत्या. परदेशी गेलेली भांडीही त्यांना हवी होती. दिवाळीच्या कार्यक्रमात मला शंकरपाळ्यांचा एक कडीचा डबा दिसला. झाकणावर ‘चि. सौ. कां. शेवंता’ — ठोकून खोडलेलं. शेजारी ‘सौ. सुमती’. मी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, पहिली बायको वारली, दुसरीने तिचं नाव खोडून आपलं घातलं.

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. डबा सुमतीकाकूंचा होता आणि त्या दहा पावलांवर चहा ओतत होत्या. मी विचारलं नाही. लेखिकेने मेलवर विचारलं, स्वतः खात्री केलीत ना? मी ‘हो’ लिहिलं.

पुस्तक २०१४ साली निघालं. डब्याची हकीकत माझ्या नावानिशी छापलेली होती. मला बरं वाटलं — हेही सांगितलं पाहिजे. भारतातून येणाऱ्यांच्या बॅगांतून चार-पाच प्रती आल्या आणि हातोहात फिरल्या. लेखिकेने कळवलं, वाचकांची मतं गोळा करून पाठवा, चुका असतील तर त्या आधी. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करते.

मतं आली. एकाला तळटीपा जड गेल्या होत्या. एकीला आईचा तांब्या आठवला. ऑकलंडच्या एका इंजिनिअरने आपण फक्त फोटो बघितल्याचं कळवून टाकलं.

काकूंचं पत्र चार पानी होतं, रेघी वहीच्या कागदावर. सुरुवात अशी — ‘पुस्तक मनापासून आवडलं. आमच्या डब्याचा फोटो पाहून फार आनंद झाला. पण शेवंता मीच. वडिलांनी डबा दिला तेव्हा माझंच नाव घातलं होतं. सासरी नाव बदललं, सासूबाईंनी जुनं खोडून आणलं. आता नात विचारते, आजोबांची फर्स्ट वाइफ कोण? मी सांगते ते तिला पटत नाही, कारण पुस्तकात छापलंय. एवढं दुरुस्त करा.’ पुढची साडेतीन पानं माहेरची होती.

मी ते ‘पण’च्या आधी कापलं. पदरचा एक शब्द घातला नाही. दोन वाक्यं, खाली त्यांचं नाव — बाकीच्या मतांबरोबर पाठवून दिली.

घाई होती का? नव्हती. भीती कसली होती — नोकरी जाणार होती? तिथे मला नोकरीच नव्हती. एका लेखिकेला कळलं असतं की मी न विचारता लिहिलं. इतकंच.

महिनाभराने कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना काकू भेटल्या. पत्राचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाठवलं, पण जागेअभावी थोडं कमी करावं लागलं.

‘अगंबाई,’ त्या म्हणाल्या, ‘मला मारायला जागा होती, जिवंत करायला नव्हती होय?’ आणि हसल्या. मीही हसलो.

दुसरी आवृत्ती २०१८ साली आली. ती हकीकत जशीच्या तशी होती. शेवटी वाचकांची मतं होती आणि त्यांत काकूंचं. तोवर काकू बऱ्याच थकल्या होत्या. माणसं ओळखत, मधलं विसरत. मुलाने प्रत मागवली होती आणि मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या नावाचं पान उघडून समोर धरलं होतं. नात शेजारी बसली होती. काकूंनी बोट ठेवून ती दोन वाक्यं वाचली. पुन्हा वाचली.

‘एवढंच लिहिलं होतं का हो मी?’

मुलगा माझ्याकडे बघत होता. नातही.

‘हो काकू,’ मी म्हटलं, ‘एवढंच.’