राखणदार खाली, देवी वर

यशोदाबायने जमिनीच्या भरपाईतून घेतलेलं सोनं खारजाईच्या सुळक्यावर पुरून ठेवलंय, हे घणसोलीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाला भगवान कॅन खाली ठेवून, भुवया कपाळात चढवून सांगायचा, "आपुन बोलत नाय कोनाला, पन म्हातारी वर जाते ती उगीच नाय." नव्या बिल्डिंगीतल्या अरुणामावशी तेच नाकातून सांगायच्या, "अगं, बँकेत लॉकर असताना डोंगरावर कशाला? ह्या लोकांना ना, पैसा पचतच नाही." म्हणजे सोन्याबद्दल शंका कुणालाच नव्हती, तक्रार फक्त जागेबद्दल होती.

सोनं नव्हतं. मीठ होतं. बाबा महाप्याच्या कारखान्यात लागल्यापासून आम्ही यशोदाबायच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो, आणि तिच्या माळ्यावरची गोणी मी स्वतः उघडून पाहिली आहे. नवं शहर वसवायला जमिनी गेल्या तेव्हा खाडीकाठचं तिचं मिठागरही गेलं. शेवटच्या हंगामाचं मीठ तिने भरून ठेवलं, आणि दर चैत्री पुनवेला त्यातलं ओंजळभर पदराला बांधून ती सुळका चढायची.

पूर्वी हे काम साऱ्या गावाचं होतं. हंगामाचं पहिलं मीठ सुळक्यावरच्या खारजाईदेवीला, आणि ते न्यायचं बायकांनीच. पुरुष खिंडीपर्यंत जायचे. तिथे शेंदूर फासलेला राखणदाराचा दगड, त्याला नारळ फोडायचा आणि सावलीत बिड्या ओढत बसायचं. पुढचा कातळ बायकांचा; पुरुषाने त्याला हात लावायचा नाही. मिठागरं बुजली तशा बायका थांबल्या. ज्यांनी माथा पाहिला होता त्यातल्या बऱ्याच गेल्या, शेजारच्या काशीसारख्या उरल्या त्यांचे गुडघे गेले. यशोदाबायचे तेवढे राहिले.

डोंगराला मागच्या अंगाने खाण लागली होती. आपल्याच बिल्डिंगींची खडी तिथूनच येते. देवी वर आहे तोवर माथ्याला सुरुंग लावायचा नाही, असं गावाने खाणवाल्या शेठकडून कबूल करून घेतलं होतं. मग एके दिवशी पंच गोटीराम पाटलांना सुचलं की देवच खाली आणला तर? शेठने खाली गावात नव्या देवळाला सिमेंट दिलं, स्लॅबची खडी दिली, वर घंटाही दिली. गावातल्या निम्म्या पोरांचे ट्रक त्याच खाणीवर. त्यातला एक यशोदाबायच्या मुलाचा, देवजीचा. होळी झाल्यावर पोरं वाजतगाजत गेली आणि देव घेऊन आली.

"आता कनाला जातंस वर?" देवजीने पुनवेच्या सकाळी विचारलं.

"जागा पुसायला," ती म्हणाली.

मी मागे लागले. आईचं म्हणणं, "पाय मोडून घेशील आणि बारावी बुडवशील." यशोदाबाय म्हणाली, "येऊ दे तिला. तोंड चालतो तेवढे पाय चालतान का बगू."

पाय चालले नाहीत. खाणीने जुनी वाट खाल्ली होती, त्यामुळे आम्ही कारवीच्या झुडपांतून सरळ वर घुसलो. मुरूम असा की एक पाऊल टाकलं की अर्धं परत खाली. मी कॅनव्हासच्या बुटांत घसरत होते, ती अनवाणी, काष्टा खोचून, पुढे. मध्येच थांबून मागे बघायची आणि म्हणायची, "बस गो, दम खा. डोंगर कुठं पलत नाय." लगेच स्वतःच, "आता पलतो म्हना."

खिंडीत राखणदाराच्या जागी खळगा होता. कडेला शेंदराचे पोपडे. यशोदाबाय उकिडवी बसली, एक पोपडा बोटाने उचलून तिने बराच वेळ पाहिला. मग कातळाला भिडली.

तो कातळ मी कधी विसरणार नाही. खाली महाप्याची पत्र्यांची छपरं, पलीकडे खाडी, आणि माझं नाक दगडाला टेकलेलं. "डावा हात वर. त्या खाचेन. तिथं नाय, ती सापाची हाय." मी हात काढला तर ती हसली, साप वगैरे काही नव्हतं. शेवटी तिने मनगट धरून मला वर ओढलं.

माथ्यावर एका कपारीत नारळाएवढा काळा दगड होता. त्यावर मिठाचा पांढरा थर. शेंदराचा ठिपका नाही.

"ही कोण?" मी विचारलं.

"खारजाई."

"मग खाली देवळात?"

"राखन्या." ती हसायला लागली, पोट धरून, डोळे पुसत. "नारल फोडला तोच यांचा देव. मेल्यांनी वाचमन नेला उचलून, मालकीन बाय हितंच."

मलाही हसू आवरेना. पण ती आधी थांबली. सुळक्याच्या मागच्या अंगाला पाहत राहिली. तिथे कातळात सुरुंगासाठी पाडलेली भोकं दिसत होती, ओळीने.

"बाय, हे गावाला सांगा ना," मी म्हटलं. "देवी वर आहे म्हटल्यावर सुरुंग थांबलाच पाहिजे. शब्दच आहे तसा."

"नाय थांबवनार."

"थांबवतील. आपल्याच देवीवर कोण सुरुंग लावेल?"

"पैज लाव. हरलीस तं गोटी सोडा पाजशील."

"आणि तुम्ही हरलात तर?"

तिने मीठ देवीवर सोडलं. "मी हरले तं तुला खांद्यावर बसवून गावभर फिरवीन गो. देव करो नी मी हरो."

अक्षय्य तृतीयेला देवळाचं उद्घाटन होतं. मंडप, लाउडस्पीकर, शेठला शाल. गोटीराम पाटील माइकवर, घसा खाकरत, "आपल्या मायमाउलीला आपुन सन्मानाने, जे आहे ते, खाली आनलेला हाय." यशोदाबाय बायकांतून उठली आणि माइकशिवायच बोलली, "माउली वरच हाय. तुमी राखन्या आनलाय."

मंडपातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काशीने आधी मान डोलावली, मग आपल्या ट्रकवाल्या मुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तरी मला वाटलं, पैज मी जिंकले.

गोटीराम पाटील शेठच्या कानाशी वाकले. शेठ दोन बोटं वर करून काहीतरी म्हणाला. पाटील परत माइकवर आले.

"यशोदाबाय बोलते ते खरा असल. आपुन रीत मोडनार नाय. पुरुसानी वर जायचा नाय, तं नाय जायचा. तिनीच आनावी देवीला. शेट दोन दिस थांबतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रीत पाळली गेली म्हणून.

घरी देवजी उंबऱ्यात बसून होता. "आये, ट्रकाचे हप्ते कोन भरील?" तो एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दिवसभर ती ओट्यावर बसून होती. बहुतेक वाट पाहत होती, कुणीतरी येऊन 'नको आणूस' म्हणेल म्हणून. भगवान दूध घालून गेला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी गेली. मला नको म्हणाली. दुपारी परत आली तेव्हा पाठीवर पदरात दगड बांधलेला होता, तान्हं पोर बांधावं तसा, आणि दोन्ही ढोपरं फुटलेली. देवळात तिने तो राखणदाराच्या शेजारी ठेवला. पुजाऱ्याने लगेच शेंदराची वाटी आणली. तिने अडवलं नाही.

मी नाक्यावरून गोटी सोडा आणून घरी ओट्यावर तिच्या हातात दिला. तिने अंगठ्याने गोटी आत ढकलली आणि अर्धा सोडा ती एका दमात प्यायली. इतक्यात डोंगराकडून दणका आला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"मी पैज जिंकले बग," ती म्हणाली आणि उरलेली बाटली माझ्यापुढे धरली.